पिसवा नसलेल्या राज्यांत कापूसराव सशास पिसवा जाहल्या त्याची हकीकत

श्रीगणरायास नमन, शारदेस नमन, आणि ज्या मांजरानें दऊत लवंडली नाहीं म्हणोन इतकी शाई उरली, त्यासहि नमन. शके सतराशें आणि वर किती तें वाळवीनें खाल्लें, खर्जूकृत नाम संवत्सरे, श्रावण मासीं, राज्य एक होतें. त्याचें नांव लिहिण्याची आज्ञा नाहीं. राज्य थोर, किल्ले बांके, बागा हिरव्यागार, आणि महाराज गादीवर विराजमान असत. परंतु सारा कारभार महाराजांचे मामा, राजश्री मामासाहेब, यांचे मुठींत. महाराजांनीं दरबारांत तोंड उघडिलें तें जांभई देण्यापुरतें. मामासाहेब श्वानाचे मोठे शौकी. रणमस्त नामें त्यांचा झुपकेदार कुत्रा, त्यास दरबारांत मखमली गादी, सालोसाल शिरपाव, आणि वारा घालावयास निराळी माणसें. आणि मग एके पावसाळ्यांत राजवाड्यांत पिसवा उदंड जाहल्या, लोक खाजवोन खाजवोन बेजार जाहले, तेव्हां मामासाहेबांनीं काय करावें? औषध? छे, नांव नको! फर्मान काढिलें कीं, "आमचे प्रतापें या राज्यांतील पिसवा नष्ट जाहल्या. आजपासोन पिसू नाहीं. जो खाजवील तो राजद्रोही." फर्मानाच्या तळाशीं मोर्तबाचा शिक्का मारिला, तोफा उडविल्या, हत्तीवरोन साखर वांटिली. पिसवांस वाचतां येत नव्हतें, सबब त्या राहिल्या. आणि मानकरी लोक दांत आवळोन, मांडी घट्ट धरोन दरबारांत बसों लागले.

महाराजांच्या राणी लाडूबाईसाहेब. त्या माहेराहून आल्या तेव्हां संगें एक पांढरा ससा आणिला होता, त्याचें नांव कापूसराव. एवढ्या मोठ्या राजवाड्यांत ज्याच्यापाशीं मन मोकळें करावें ऐसा जीव तेवढा एकच. आणि मग त्या श्रावणांत कापूसराव मागल्या पायानें कान खाजवूं लागला, मानेमागें केंस विरळ दिसों लागले. बाईसाहेबांनीं बारीक दातांची फणी फिरविली तों मिरपुडीसारखे काळे कण निघाले, आणि ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर टेकविले तों तांबडा डाग उमटला. "अगबाई! हें तर रक्त! मेल्या पिसवा माझ्या लेकराचें रक्त पिताहेत!" ऐसें म्हणोन त्या तडक दरबारीं गेल्या आणि बोलिल्या, "मामासाहेब, कापूसरावास पिसवा जाहल्या." मामासाहेब गालांत हांसले. "सूनबाई, पिसवा या राज्यांत नाहींत. ससा मळला असेल. आंघोळ घाला त्यास." आणि हें बोलत असतां मांडीजवळ रणमस्त कराकरा मान खाजवीत होता, आणि त्याच्या अंगावरोन पिसवा टुणटुण गालिच्यावर उतरत होत्या, आणि सारा दरबार तें पाहोन छताची नक्षी निरखूं लागला.

हुकूम म्हणजे हुकूम. हमामखान्याच्या लोकांनीं कापूसरावास उचलोन हौदांत बुचकळिलें. ससा सहसा ओरडत नाहीं, हें त्याचें दुर्दैव. तो थिजला, लटपटला, कान बर्फासारखे गार पडले, आणि नाक जें सदा लुकलुक हालावें तें हालेना. बाईसाहेबांनीं कोथिंबिरीची काडी पुढें धरिली, गवत धरिलें, लाडिक बोलिल्या, रागें भरल्या, शेवटीं रडल्या. कापूसराव कशास तोंड लावीना. मग जनावरांचे वैद्य नागेशभट शालिहोत्री यांस बोलाविलें. भटजी विद्येनें थोर, पोथ्या मुखोद्गत, फक्त पाठीचा कणा तेवढा मामासाहेबांपाशीं गहाण. त्यांनीं आधीं दारामागें कोणी आहे काय तें पाहिलें आणि मग हळूच बोलिले, "बाईसाहेब, सशास पाण्यांत बुडवीत नाहींत हो! भयानें आणि गारठ्यानें त्याचा प्राण जातो. आणि ससा खायचा थांबला म्हणजे उद्यां पाहूं म्हणों नये, त्याचें पोट बंद पडतें." मग त्यांनीं मऊ फडक्यानें टिपोन ससा कोरडा केला, उबेंत ठेविला, पाल्याची पातळ पेज नळीनें तोंडाच्या कडेनें थोडी थोडी पाजिली, आणि सांगितलें कीं, "आपल्या तोंडानें खाऊं लागला म्हणजे वांचला. पिसवांचें मग पाहूं."

इकडे ससा खंगला हें मामासाहेबांस कळलें, आणि त्यांस दया आली. त्यांस दया आली म्हणजे लोक आपापलीं कवाडें लावीत, पण तें असो. एका फिरंगी सौदागरानें रणमस्तास औषधाची कुपी नजर केली होती, कुत्र्याच्या मानेवर थेंब सोडिले म्हणजे पिसवा मराव्या. परंतु राज्यांत पिसवाच नाहींत, तर कुपी उघडावी कशास? म्हणोन ती बुचासकट चांदीच्या तबकांत असे आणि रोज सकाळीं तिची पूजा होत असे. मामासाहेबांनीं आज्ञा केली कीं, "रणमस्ताच्या मानाची कुपी सशास अशक्तपणावर बहाल केली. भर दरबारांत त्याच्या मानेवर सोडावी." हें ऐकोन नागेशभट पांढरे पडले. बाईसाहेब म्हणाल्या, "गप्प कां? बोला." "बाईसाहेब, माझें वतन मामासाहेबांचे हातीं." "आणि याचा जीव माझ्या पदरीं. बोला म्हणत्यें ना!" तेव्हां भटजी पुटपुटले, "तें औषध कुत्र्यास गुणकारी, सशास विष. अंगीं भिनलें म्हणजे झटके येतात, आणि मग कोणाच्यानें कांहीं होत नाहीं." "हें दरबारांत सांगाल?" भटजी आपल्या पायाचे अंगठे पाहों लागले.

दरबार भरला. चोपदार ललकारले, तबक आलें. बाईसाहेब कापूसरावास पदराखालीं घेऊन बसल्या. आवाज मधाचा केला. "मामासाहेब, उपकार जाहले. पण या घरची रीत मी लग्नाच्या पंगतीपासोन पाहत्यें. मोठ्यानें घेतल्याविना धाकट्यानें घेऊं नये. रणमस्तराव मानकरी, आमचा कापूसराव कोण? आधीं त्यांच्या मानेवर सगळी कुपी रिती होऊं द्या. उरलें तर आम्ही माथां लावूं." मामासाहेब खुलले, मिशीस पीळ दिला, कुपीस हातहि घातला, तों चिटणीस त्रिमलपंत घाईनें उठले. "सरकार, घात होतो! रणमस्तास पिसवांचें औषध लाविलें म्हणजे रणमस्तास पिसवा आहेत, आणि पिसवा आहेत म्हणजे फर्मान खोटें!" आणि त्यांनीं तें लांबलचक फर्मान उलगडोन खड्या स्वरांत वाचावयास घेतलें. मामासाहेबांनीं हात मागें ओढिला. "खरें आहे. रणमस्तास कांहीं जाहलें नाहीं. अशक्तपणा सशास आहे. सोडा त्याच्याच मानेवर." हुजऱ्यानें बूच काढिलें आणि पुढें सरला. बाईसाहेबांनीं ससा उराशीं कवटाळिला, मधाचा आवाज कोठल्या कोठें गेला. "खबरदार! माझा हात तोडा, मग याला हात लावा!" भटजी खांबाआड सरले. महाराज राणीकडे पाहोन गादीवर चुळबुळले, पण तोंड उघडेना.

आणि त्या शांततेंत कुर्र कुर्र ऐसा आवाज आला. सर्वांनीं इकडे तिकडे पाहिलें. फर्मान लांब, चिटणीस बुटके, वाचतां वाचतां खालचें टोंक बाईसाहेबांच्या मांडीवर लोळलें होतें. आणि पदराबाहेर एक पांढरें नाक लुकलुकत होतें, आणि कापूसराव मोर्तबाकडोन फर्मान खात होता. बाईसाहेबांस राजद्रोह दिसला नाहीं, मामासाहेब दिसले नाहींत. "खाल्लें! माझ्या कापशानें खाल्लें!" म्हणोन त्या भर दरबारांत हमसाहमशीं रडों लागल्या. चिटणीसांनीं टोंक ओढोन पाहिलें आणि त्यांचें तोंड उतरलें. "सरकार, मोर्तब गेलें. मोर्तबाविना फर्मान म्हणजे रद्दी." तेव्हां महाराजांनीं तोंड उघडिलें, आणि जांभई नव्हती. "म्हणजे पंत, आतां खाजवलें तर चालेल?" पंत म्हणाले, "चालेल, महाराज." आणि महाराजांनीं अंगरख्यांत हात घालोन काख खाजविली, डोळे मिटोन "आहाहा" म्हणाले, आणि मग मानकरी, सरदार, चोपदार, हुजरे, सारा दरबार खाजवूं लागला, पागोटीं सुटलीं, कित्येकांच्या डोळ्यांस सुखानें पाणी आलें. मामासाहेबांनीं बराच वेळ धीर धरिला, आणि मग चोपदाराची काठी मागोन घेऊन पाठ खाजविली.

यावर नागेशभटांची जीभ जी सुटली ती आवरेना. कुपी कुत्र्याची, कुत्र्यासच लाविली. कापूसराव आपल्या तोंडानें चरूं लागला, लेंड्या नीट पडों लागल्या, तेव्हां त्यास तराजूंत बसवोन सशास सोसेल ऐसें निराळें औषध वजनाप्रमाणें मोजोन, जेथें जीभ पोंचत नाहीं तेथें मानेमागें सोडिलें. जुनें गवत जाळिलें, अंथरुणें उकळलीं, गालिच्यांखालची धूळ काढिली, कां कीं पिसवांचीं अंडीं तेथेंच. पुढें मामासाहेबांनीं नवें फर्मान काढिलें कीं पिसवा रणमस्तानें मारिल्या, आणि त्यास पिसूमर्दन हा किताब दिधला. कापूसरावावर सरकारी कागद खाल्ल्याचा गुन्हा शाबीत होऊन एक पेंढी गवत दंड जाहला. बाईसाहेबांनीं ती भरली, आणि ठेवावयास जागा नाहीं म्हणोन सरकारांतोन ती कापूसरावापुढेंच टाकिली.

तात्पर्य इतकेंच कीं, सशास हौदांत घालूं नये, कुत्र्याचें औषध लावूं नये, वैद्यास भिऊं न देतां विचारावें, आणि खाज कोणास सुटली हें पाहतांना पिसवा कोणाच्या गादीवरोन येतात तेंहि पाहावें. नवें फर्मान पुष्कळ उंचावर टांगिलें आहे. कळावें, लेखनसीमा.