बसऱ्याचं बिस्कीट

काचेची पेटी पुसायची म्हणून मेघाने बिस्कीट बाहेर काढलं, ओट्यावर ताटलीत ठेवलं आणि दाराशी आलेल्या दूधवाल्याकडे गेली. परत येऊन बघते तर ताटली रिकामी.

बिस्कीट साधंसुधं नव्हतं. तिचे सासरे सुकदेवआबा यांचे आजोबा पहिल्या महायुद्धात बोटीने बसऱ्याच्या आघाडीवर गेले होते आणि येताना बोटीवरचं हे दगडासारखं बिस्कीट खिशात घालून आले. धरणगावात आबांना जो मान होता तो त्या बिस्किटाचा. सोयरीक जमवायला आलेल्या मेघाच्या वडिलांनाही चहाआधी तेच दाखवलं गेलं होतं. तिच्या नवऱ्याने, नवलने, हौसेने फोटो पाठवला आणि आज मुंबईच्या एका संग्रहालयातल्या ज्योत्स्नाबाई ते बघायला येत होत्या.

"आई, इथलं बिस्कीट?"

सासूबाई ताईबाई खलबत्त्यापाशी बसून लाडू वळत होत्या. वरणबट्टीचा बेत झाला की उरलेल्या कणकेच्या भाजक्या बट्ट्या दुसऱ्या दिवशी कुटून गूळ-तुपाचे लाडू, हा त्यांचा शिरस्ता.

"माले वाटनं कालदीनी बट्टी शे. बठ्ठ्या कुटी टाक्यात. एक मोठी कडक व्हती माय, हात दुखी गया."

मेघाने वळलेल्या लाडवांकडे पाहिलं. "आबा मला माहेरी धाडतील!"

"तुले कसाले? माले धाडतीन," म्हणत ताईबाईंनी कणकेचा डबा पुढे सरकवला.

जीव मुठीत धरून मेघाने बट्टी थापली, कडकडीत भाजली, चहाच्या पाण्याने रंगवली, पंख्याखाली वाळवली. पेटीचं झाकण लागलं आणि अंगणात गाडी थांबली.

ज्योत्स्नाबाईंनी भिंग लावलं. आबाही वाकले आणि बघतच राहिले. काहीतरी करायचं म्हणून मेघाने लाडवांची ताटली पुढे केली आणि मग आपण काय वाढलंय ते तिच्या ध्यानात आलं.

"काय खमंग आहेत हो!" ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "आबा, बिस्कीट आम्ही प्रयोगशाळेत तपासून घेतो. मग ते कायमचं संग्रहालयात."

"तपासानं?" आबांना ठसका लागला. "नको, नको. घरनी वस्तू घरमाच बरी."

बाईंनी विनवलं, नवल चिडला, पण आबा हलले नाहीत. शेवटी नवल बाईंना स्टेशनवर सोडायला गेला आणि आबांनी मेघाला हाक मारली. आता संपलं सगळं, या धास्तीने तिला रडूच फुटलं.

"रडू नको बेटा. बट्टी झकास शे. मन्ही जराशी जास्त करपेल व्हती."

"तुमची?"

"आजलानं बिस्कीट मी शाळामा व्हतू तवयच चहामा बुडाईसन खाई टाकं. कोनले समजाले नको म्हनीसन पेटीमा बट्टी ठी दिन्ही." आबांनी आवाज खाली आणला. "पन मंग मन्ही बट्टी कोठे गयी?"

मेघाने आबांच्या हाताकडे पाहिलं. त्यात शेवटचा लाडू होता, अर्धा खाल्लेला.