थपडेनंतर काही घडत नाही

माणसाने माणसाला विनाकारण मारणं हा रानटीपणा आहे. सकारण मारणं ही संस्कृती. या दोहोंमधली रेषा कोणीतरी बसून आखावी लागते. बसायचं म्हटलं की खुर्च्या आल्या, आणि चार खुर्च्या एका खोलीत आल्या की मंडळ आपोआप होतं. आमचं मंडळ असंच झालं.

मंडळाचं पूर्ण नाव 'साहित्यकृतींवर आधारित भविष्यकालीन चित्रपटांतील हिंसेचे कथासापेक्ष औचित्य तपासणी मंडळ' असं आहे. (पाटीवर एवढं मावलं नाही. म्हणून दारावर नुसतं 'हिंसा' लिहिलं आहे आणि त्याखाली 'दार हळू लावावे'.)

भविष्यकालीन चित्रपट म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात जग पार बिघडलेलं असतं. आभाळ कायम करडं, सगळ्यांचे कपडे एकसारखे, सरकारची प्रत्येकावर नजर, आणि एवढ्या कडक बंदोबस्तातही नायकाला चामड्याचं जाकीट मिळालेलं असतं. ज्या कादंबऱ्यांवरून हे चित्रपट निघतात त्यांत मारामारी बेताची आणि भीती भरपूर असते. पण भीती पडद्यावर दिसत नाही आणि तिच्यावर किती खर्च झाला हेही कळत नाही. म्हणून चित्रपट करताना भीती काढून घेतात आणि तेवढ्याच वजनाचा गोळीबार घालतात. यात कोणाचं नुकसान नाही. तरीही काही नागरिकांनी 'ही हिंसा कथेच्या काय कामाची?' अशी पत्रं लिहिली, आणि पत्रांना उत्तर देण्यापेक्षा मंडळ नेमणं सोपं पडतं.

मंडळावर आम्ही चौघं. अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी घसा खाकरला की पडद्यावरचे सैनिकसुद्धा नीट उभे राहिल्यासारखे वाटतात. दुसरे दंतवैद्य, मारामारीत दात योग्य जागचे पडतात की नाही, हे ते पाहतात. तिसरे प्राध्यापक, ते 'संदर्भ लक्षात घ्यावा लागेल' असं म्हणतात आणि मग इतरांनी तो घ्यायचा असतो. चौथा मी. माझी नेमणूक 'सामान्य प्रेक्षक' या जागेवर आहे. (या जागेला मत पूर्ण आणि भत्ता निम्मा आहे.)

कामाची पद्धत इतकी सरळ आहे की तिचं कौतुक केल्यावाचून राहवत नाही. हिंसेचा प्रसंग संपला की दिवे लावायचे. निर्मात्याने उभं राहायचं. अध्यक्षबाईंनी एकच प्रश्न विचारायचा, "याने पुढे काय घडलं?" काही घडलं असेल, तर हिंसा कथेच्या उपयोगी पडली, मंजूर. काहीच घडलं नसेल, तर ती विनाकारण, कापा. गेल्या वर्षी मंडळाने एक हजार नऊशे बारा मृत्यू तपासले. त्यांपैकी एक हजार नऊशे नऊ मंजूर झाले. (उरलेले तिघे मेलेले नव्हते, झोपलेले होते. निर्मात्याने ते वेळेवर निदर्शनास आणून दिलं.)

अशा सुरळीत चाललेल्या कारभारात एका थपडेने अडचण आणली.

ती थपड एका कादंबरीतली. लेखिका साध्या, कापडी पिशवी घेऊन येणाऱ्या बाई. कादंबरीतल्या शहरात पाण्यापासून औषधापर्यंत सगळ्याला रांग आहे. अशा एका रांगेत एक म्हातारा खिडकीपाशी पोचतो आणि विचारतो, "आज मिळेल का?" खिडकीमागचा कारकून शांतपणे बाहेर येतो, त्याच्या कानाखाली आवाज काढतो आणि परत जागेवर जाऊन बसतो. म्हातारा रांगेबाहेर पडतो. मागची माणसं एक पाऊल पुढे सरकतात. संपलं. अख्ख्या पुस्तकात मारामारी म्हणून एवढीच.

चित्रपटात निर्मात्यांनी ही उणीव भरून काढली होती. एकूण एकेचाळीस मृत्यू, दोन पूल, एक हेलिकॉप्टर. थपड मात्र लेखिकेच्या हट्टामुळे ठेवली होती, आणि म्हाताऱ्याच्या भूमिकेसाठी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांना आणलं होतं. त्यांचा चेहरा दिग्दर्शकांना एका दुकानात दिसला आणि आवडला. (दिग्दर्शकांना आवाज खरा हवा होता, म्हणून थपड अकरा वेळा मारून घेण्यात आली, सातव्या वेळेला आजोबांचा डावा कान गेला. ही चित्रीकरणाची बाब असल्याने मंडळाच्या कक्षेत येत नाही.) तपासणीच्या दिवशी चहाबरोबर क्रीमची बिस्किटं होती, यावरून निर्मात्यांनी आमच्या मंडळाकडे किती गांभीर्याने पाहिलं होतं हे ध्यानात येईल.

पहिले दोन तास कामकाज झकास चाललं.

"हे सोळा जण कशाला मेले?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नायकाला राग यावा म्हणून, बाई," निर्माते म्हणाले.

"आधी राग नव्हता?"

"होता. पण घरगुती स्वरूपाचा होता."

मंजूर. पुढे पुलावरून पडणाऱ्या एका पहारेकऱ्याची दाढ उडाली, तेव्हा दंतवैद्यांनी हात वर केला. "अक्कलदाढ अशी सहजी निघत नाही हो! माझी उमर गेली त्यात." पुढचा दात उडवण्याच्या अटीवर पहारेकऱ्याला मरू देण्यात आलं. नायकाचा मित्र दोनदा मेला. त्यावर निर्मात्यांनी खुलासा केला की पहिल्यांदा तो कथेसाठी मेला आणि दुसऱ्यांदा गाण्यासाठी. प्राध्यापकांनी संदर्भ लक्षात घ्यायला सांगितला. आम्ही घेतला.

मग थपड आली. फार मोठी नाही. पडद्यावर चार-पाच क्षण. पण दंतवैद्यांचं बिस्किट तुटून चहात पडलं. एकेचाळीस मृत्यूंमध्ये त्यांनी सात बिस्किटं न सांडता खाल्ली होती, हे इथे नमूद करणं भाग आहे.

दिवे लागले. "याने पुढे काय घडलं?"

निर्मात्यांनी दिग्दर्शकांकडे पाहिलं, दिग्दर्शकांनी लेखिकेकडे. त्या उठल्या.

"काही घडत नाही."

"म्हणजे?"

"मागची माणसं एक पाऊल पुढे सरकतात."

"बस?"

"बस."

"कोणी काही बोलत नाही? कोणाला राग येत नाही?"

"नाही."

"आणि त्या म्हाताऱ्याचं पुढे काय होतं?"

"कोणी वळून पाहतच नाही, बाई. मग मला तरी कसं कळणार?"

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. मुख्याध्यापिका असताना निकाल सांगण्याआधी त्या असंच करत. "अहो, मग ही मारहाण विनाकारणच झाली की!"

"तेच तर लिहिलंय मी."

"लिहा की. लिहायला कोण नको म्हणतंय? पण दाखवायचं तर कारण लागतं."

"मला तर बघवलं नाही," दंतवैद्य चमच्याने बिस्किट शोधत म्हणाले. त्याचीही नोंद घेण्यात आली. सबब सदर थपड एक तर कथेच्या उपयोगाची नाही, आणि वर त्रासदायक आहे, असा निष्कर्ष निघत होता.

निर्माते माणूस मदतीला धावणारा. ते म्हणाले, "एवढंच ना? सोपं आहे. थपड पडते, रांग भडकते, कचेरी पेटते. साधारण तेवीस जण जातील."

"मग चालेल," अध्यक्षबाई म्हणाल्या. नियमाप्रमाणे चालण्यासारखंच होतं. तेवीस माणसं गेली की थपडेनंतर काहीतरी घडतं, आणि काहीतरी घडलं की थपड निर्दोष सुटते.

"मग ती माझी गोष्टच नाही," लेखिका म्हणाल्या.

निर्मात्यांना हे लागलं. "ताई, तुमची एक थपड वाचावी म्हणून मी तेवीस माणसं मारायला तयार झालोय, आणि तुम्ही असं बोलता?"

पण या प्रसंगात फेरफार करायचा तर लेखिकेची सही लागे. करारात तसं होतं. त्यांना विचार करायला दहा मिनिटं देण्यात आली आणि चहाचा दुसरा फेरा मागवण्यात आला.

बाहेर व्हरांड्यात बाकावर ते घड्याळवाले आजोबा सकाळपासून बसून होते. आपला प्रसंग राहतो की जातो एवढंच त्यांना कळायला हवं होतं. मी पाय मोकळे करायला गेलो होतो, म्हणून पुढचं ऐकलं.

"आजोबा..." लेखिका त्यांच्या डावीकडे बसल्या.

"इकडनं या, ताई. ती बाजू रजेवर आहे."

त्या उजवीकडे गेल्या आणि सगळं सांगितलं. आजोबांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे ठेवायचं असेल तर रांगेने दंगा करायचा?"

"हो."

"कोणी? आमच्या रांगेने?" आजोबा एवढे हसले की बाक हलला. "अहो, अकरा वेळा पडलो मी. उठवायला एक जण आला नाही. 'कट' म्हटलं की सगळे चहाला. ती माणसं कचेरी पेटवणार? काडेपेटी कोण मागेल त्यांच्यातलं?"

"म्हणूनच नको वाटतं मला. खोटं आहे ते. काढू दे त्यांना."

आजोबांचं हसणं थांबलं. "नका हो काढू देऊ. ताई, तुमची गोष्ट पुस्तकात छापून ठेवलेली आहे, ती कुठे पळून जात नाही. माझं एवढंच आहे. नातीला सांगून बसलोय, आजोबा मोठ्या पडद्यावर दिसणार. तिने अर्ध्या शाळेला सांगितलंय. काढली, तर नुसताच मार खाल्ला असं होईल ना मग? पेटवा काय पेटवायचं ते. थपड राहू द्या."

लेखिकेने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला आणि सोडला. मग आत आल्या आणि सही केली. (कागदावर 'स्वखुशीने' हा शब्द आधीच छापलेला असतो. दर वेळी लिहिण्याचा त्रास नको.)

थपड एकमताने मंजूर झाली. माझंही मत विचारण्यात आलं. 'बरं आहे' असं मी म्हणालो. सामान्य प्रेक्षकाचं मत याहून लांब असू नये अशी सूचना आहे. बाहेर जाताना दिग्दर्शकांनी आजोबांच्या पाठीवर थाप मारली आणि "राहिलात हं तुम्ही!" असं सांगितलं. ते डाव्या बाजूने सांगितल्यामुळे मला ते पुन्हा उजव्या बाजूने सांगावं लागलं. आजोबांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

पुढे जे झालं त्यात कोणाचाही दोष नाही, हे आधीच सांगतो. कचेरी पेटवल्यामुळे चित्रपट लांबला. काहीतरी कमी करणं भाग होतं. आग कमी करता येईना, कारण तिला खर्च आलेला. तेवीस जण कमी करता येईनात, कारण ते मंजूर झालेले. राहता राहिली थपड. तीही पूर्ण काढली असती तर आगीला कारण उरलं नसतं. म्हणून फक्त दृश्य कापलं आणि आवाज ठेवला; लेखिकेची आधीची सही याही फेरफाराला चालली. थपड बसते तेव्हा पडद्यावर नायक असतो. तो दूर भिंतीला टेकून जाकिटाची चेन लावत असतो; आवाज येतो; तो मान वळवतो; आणि लगेच आग. आवाज अकराव्या थपडेचा आहे. दिग्दर्शकांना तोच सर्वांत खरा वाटला. जाणकारांनाही वाटला असावा, कारण चित्रपटाला ध्वनीचं बक्षीस मिळालं. ते घेताना ध्वनिमुद्रकाने आपल्या आईवडिलांचे आभार मानले.

पहिल्या खेळाला मंडळाच्या पासावर मी गेलो होतो. योगायोगाने माझ्या पुढच्याच रांगेत आजोबा होते, इस्त्रीच्या सदऱ्यात. उजव्या बाजूला नात, सात-आठ वर्षांची. ती दर पाच मिनिटांनी विचारत होती, "आजोबा, तुम्ही कधी येणार?"

"येतो, येतो. रांग येऊ दे."

रांग आली. नायकाने चेन लावली. आवाज झाला. कचेरी पेटली.

"आजोबा, तुम्ही कधी येणार?"

"आलो की."

"कुठे?"

"आत्ता आवाज झाला ना? तो मी."

नातीने पडद्याकडे पाहिलं. तिथे लोक खिडक्यांतून उड्या मारत होते. "मग आता पुन्हा कधी येणार?"

आजोबांनी मान डावीकडे थोडी कलती केली. ऐकू आलं नसेल.

हा सर्व वृत्तान्त वाचकांच्या हाती देण्यापूर्वी मी नियमानुसार मंडळापुढे ठेवला, कारण यातही हिंसा आहे. चौसष्ट मृत्यूंना कोणाची हरकत आली नाही. थपडेलाही नाही; ती आता उपयोगी आहे. अध्यक्षबाईंचं बोट फक्त एका जागी थांबलं. वरच्या एका कंसात आजोबांचा कान सातव्या थपडेला जातो, आणि थपडा आहेत अकरा. म्हणजे कान गेल्यावर आणखी चार.

"या चारांनी पुढे काय घडलं?" त्यांनी विचारलं.

मी कागद पुन्हा तपासून खरं ते सांगितलं. काही घडलं नाही, बाई. कंस संपला, पुढे बिस्किटं होती, आणि वाचक एक पाऊल पुढे सरकले.