बंदुकीची माशी कोणी नेली?

“आता माशीबी नेली लेकाच्यांनी. उद्या नळ्या नेतीन,” मामंजी माझ्या कानाशीच पुटपुटले.

मी तांदूळ निवडत होते. सूप खाली ठेवलं. अशी पुटपुट ऐकली की साधी सून चहा टाकते. मी तपास सुरू करते. कारण मी, सुवर्णा, जानेफळातली एकमेव खाजगी गुप्तहेर आहे. दुसरी कोणी असती तर तिचा पत्ता मी केव्हाच लावला असता. शिक्षण म्हणाल तर माझं मीच केलेलं, किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून. त्यामुळे बऱ्याच गुन्ह्यांचा शेवट मला अजून ठाऊक नाही. नजर मात्र घारीची. डॉक्टरांनी दिलेली चाळिशी कपाटात असते. घारीला चष्मा लावलेला कोणी पाहिलाय?

प्रकरण असं. निवडणुकीपुरती ठाण्यात जमा केलेली मामंजींची, म्हणजे किसनरावांची, दुनळी बंदूक घरी परत आली होती. मक्यात रानडुकरं शिरत होती, म्हणून मामंजींनी ती स्वतःच दुरुस्त करायला घेतली. गंजाला डिझेल, चिरलेल्या दस्त्याला तांब्याची तार. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की नळ्यांच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा तो ज्वारीएवढा पितळी दाणा, गायब आहे.

“दुसरी बसवतो,” ते म्हणाले. “मंग मेहकरहून काडतुसं आणतो, अन् मक्यात जाऊन बसतो.”

माझ्या नवऱ्याचा, ज्ञानेश्वरचा, घास हातातच राहिला. रात्री राखणीला, जागलीला, मक्यात तोच झोपतो. आम्ही कोणीच बोललो नाही. मामंजींनी विजेच्या खांबाला राम राम घातला तेव्हाही नाही, आणि काळा रेनकोट घालून येणाऱ्या शेजारच्या गुलाबरावांना डुक्कर समजून गोटा मारला तेव्हाही नाही. मी मनात दोन्ही घटनांची नोंद घेतली. खांबाची वेगळी, गुलाबरावांची वेगळी.

मामंजींनी छत्रीच्या काडीचं टोक एम-सीलनं नळ्यांवर चिकटवलं. सकाळी बंदूक डोळ्याला लावून म्हणाले, “गेली!” मग आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, तुटक्या पोतीतला मणी चिकटवला. तोही गेला. मग सायकलचा छर्रा.

“छर्राबी गेला वं, सुवर्णा!”

चोर सराईत होता. मी शास्त्रशुद्ध पावलं उचलली. ठसे पुसले जाऊ नयेत म्हणून बंदुकीला कोणी बोट लावायचं नाही असा हुकूम काढला आणि नळ्यांवर टॉवेल झाकला. टॉवेल अलगद उचलून पाहणी मी एकटीनं केली. टोक स्वच्छ होतं. जरा धुरकट होतं, पण स्वच्छ. धुरकट का, हा प्रश्न माझ्यातल्या गुप्तहेराला पडला नाही.

पहिला संशय गुलाबरावांवर. गोट्याचा सूड!

“वैनी, मले चोरीच करायची असती तर बंदूकच नसती का नेली?”

“खरा चोर असंच म्हणतो.”

ते चहा पिऊन हसत गेले. म्हणजे संशय वाढला.

दुसरा संशय उंदरावर. पिंजरा लावला. त्यात माझाच अंगठा सापडला.

मग, सुजलेल्या अंगठ्यानिशी, मी नवऱ्याला घेरलं.

“तुम्हीच नेली ना माशी?”

“मी काऊन नेईन?”

“जीव वाचवायले.”

तो जोड्यांचा चिखल काढू लागला. “मी नाही नेली. पण ज्यानं नेली त्याले मी नारळ देईन.”

तपास इतका रंगात आला असताना माझ्या सासूबाई, वच्छलाबाई, ओसरीवर आल्या. त्यांना धुण्यासाठी टॉवेल हवा होता.

“आत्याबाई, थांबा! ठसे!”

“तुहे ठसे गेले चुलीत. चांगला टॉवेल डिझेलात घातला.” त्यांनी ओढला, तर तो नळ्यांच्या टोकाला अडकला. त्यांनी तिथं बोट फिरवलं. “अवं, बंदुकीले हे फोड कायचे आले?”

मी निमूट कपाटातून चाळिशी आणली. पितळी माशी आपल्या जागी होती. तिच्यामागे छत्रीचं टोक, त्यामागे मणी, त्यामागे छर्रा. सगळे एका ओळीत, पंगतीला बसल्यासारखे.

मामंजी आले. त्यांनी बोट फिरवलं, थांबले, पुन्हा पहिल्यापासून फिरवलं.

“चार?”

ज्ञानेश्वर आढ्याकडे पाहू लागला. मामंजींचं बोट तिथंच होतं. मला ते बघवेना.

“मामंजी,” मी म्हणाले, “चोराले पस्तावा झाला असंल. रातच्याला समद्या आणून लावल्या त्यानं.”

माझ्या कारकिर्दीतला हा सगळ्यात लंगडा तर्क. पण मामंजींची मान वर आली.

“असंल, असंल. मंग मी आजच मेहकरले—”

आत्याबाई त्यांच्याजवळ बसल्या. पदरानं त्यांच्या बोटाचं डिझेल पुसलं, आणि हात सोडला नाही.

“लेकरू मक्यात झोपते, अवो,” त्या म्हणाल्या. “अन् तुमाले दिसत नाही.”