सात रोडगे आणि एक होकार

जानरावांच्या पोटाला नावं ठेवणारा माणूस मोर्शी तालुक्यात अजून जन्मायचा होता. निदान सत्तावन्न साली जानराव तरी तसंच सांगत. "आमचं पोट म्हनजे धान्याचं पेव हाये. टाकलं ते जिरलंच."

शेजारच्या मळ्यात नवसाचे रोडगे होते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांतून काढलेले कणकेचे सात जाडजूड रोडगे जानरावांनी तुपात चुरून, वांग्याच्या भाजीसंगं हाणले. बायको मैनाबाई आधीच म्हणाली होती, "उद्या आपल्या जमुनीच्या लग्नाची बैठक हाये. मूर्तिजापूरचे पाव्हने येऊन राहिले. लगन आपल्याच दारी लावाचं, हे तुमालेच ठासून सांगा लागते. बेतानं खाजा."

"खान्याले अन् बोलन्याले मी कोनाले भेत नाई."

रात्री पेव उफाळलं. आंबट ढेकर, छातीत जळजळ, पोटात गुरगुर. उताणं झोपावं तर घशाशी येई, कुशीवर वळावं तर पोट टोचे. मैनाबाईनं ओवा पुढं केला. "ओवा लेकरायले दे," म्हणून हा पठ्ठ्या हातात कंदील घेऊन अंगणात येरझारा घालत राहिला, ते थेट कोंबडा आरवेपर्यंत. डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी बैठक बसली. जानराव लोडाला टेकले, आणि रात्रभर रुसलेली झोप नेमकी तिथं, पाहुण्यांच्या देखत आली. डोळे अर्धवट उघडे, मान मात्र डुलायला लागली.

मुलाचे वडील चंद्रभानजी. त्यांनी रिवाजाप्रमाणे पंचांसमोर तीनदा विचारलं, "लगन आमच्या दारी, मूर्तिजापूरले. कबूल हाये?" मान खाली गेली. दुसऱ्यांदाही गेली. तिसऱ्यांदा तर अशी गेली की पंच म्हणाले, "मोठ्या दिलाचा मानूस हाये." लगेच तोंडात गुळाचा खडा पडला, तेव्हा कुठं जानराव जागे झाले.

आतल्या दारातून मैनाबाई बोलली, "कबूल काहून म्हनता जी? झोपले व्हते ते. रातभर पोट धरून फिरत व्हते."

सगळी बैठक हसली. चंद्रभानजी भला माणूस. ते म्हणाले, "झोपले असान त सांगा, जानराव. शब्द परत घेतो. लगन तुमच्या दारी."

'हाव, झोपलो व्हतो,' एवढंच म्हणायचं होतं. एकुलती एक लेक, गावभर सांगून ठेवलेला मांडव, दाराआड हात जोडून उभी बायको. कोणीही शहाणा माणूस हाव म्हणाला असता. पण हाव म्हणणं म्हणजे सात रोडगे पचले नाहीत, हे चारचौघांत कबूल करणं!

"कोन झोपलं?" जानरावांनी गूळ कडाकडा चावला. "मी पुरा जागा व्हतो. लगन मूर्तिजापूरलेच."

पाहुणे गेले. मैनाबाईला संताप आणि रडू एकदमच आलं. "आता अर्धं गाव मूर्तिजापूरले नेजा, अन् सांगजा साऱ्यायले, आमचं पोट लय चांगलं हाये म्हनून."

त्या रात्रीही जानरावांना झोप लागली नाही. पण यात रोडग्यांचा दोष काढू नका बरं. मैनाबाईनं चूलच पेटवली नव्हती.