बुटकेपणाचा दाखला

मारिसेलाला आपल्या पंधराव्या वाढदिवसाच्या मासला, म्हणजे खास प्रार्थनेला, आजोबांच्या पिकअपमधूनच चर्चच्या दारात उतरायचं होतं, आणि आजोबांची पिकअप कायद्याने उंच होती.

पिकअपची उंची वाढलेली नव्हती. ती कारखान्यातून आली तेव्हा होती तेवढीच होती, पण कायद्याची उंची मधल्या काळात उतरली होती. उत्तर न्यू मेक्सिकोतल्या आमच्या लास तुनास गावात रविवारी प्लाझ्याभोवतीचा रस्ता फक्त वारसा-वाहनांना खुला असतो. वारसा-वाहन म्हणजे जमिनीला पोट लावून, गोगलगायीच्या चालीने फिरणारी गाडी. तशी ती आहे, असा नगरपालिकेचा दाखला लागतो. चर्च प्लाझ्यावर आणि मास रविवारी, त्यामुळे दाखल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

हे दाखले देणारा अधिकारी म्हणजे स्वतः मारिसेलाचे आजोबा, एमेतेरियो आर्चुलेटा.

एमेतेरियोने उभी नोकरी एका काठीवर काढली होती. त्या काळी गावातली पोरं स्प्रिंगा कापून गाड्या खाली बसवायची आणि प्लाझ्याला घिरट्या घालायची. नगरपालिकेला ते असभ्य वाटे. म्हणून एमेतेरियो प्रत्येक गाडीखालून काठी सरकवून बघे. काठी अडली की दंड. त्याने सख्ख्या मेहुण्याला, प्रोकोपियोला, त्याच्या लग्नाच्या दिवशी नवरीसकट थांबवून दंड केला होता. एवढ्यावर समाधान झालं नाही म्हणून चर्चसमोर एक भलामोठा गतिरोधक घालून घेतला. त्याच्या अर्जावर अख्ख्या गावाची सही होती, प्रोकोपियोचीसुद्धा. अर्ज चर्चच्या जेवणात पोसोलेच्या, म्हणजे मक्या-मांसाच्या रश्श्याच्या, रांगेत फिरला होता, आणि वाडग्याच्या आधी पेन हातात येत होतं.

पुढे बाहेरगावचे लोक कॅमेरे घेऊन त्याच गाड्या बघायला येऊ लागले, हॉटेलं भरू लागली, आणि नगरपालिकेच्या लक्षात आलं की हा असभ्यपणा नसून वारसा आहे. वारसा समिती नेमली गेली. मोजमापाला अनुभवी माणूस हवा होता. एमेतेरियोला निवृत्तीतून मानधनावर परत बोलावलं, कारण काठी त्याच्याच घरी होती. आता काठी अडली तर दाखला आणि आरपार गेली तर दंड. काठी तीच होती आणि एमेतेरियोही तोच होता. आपल्या मतात काही बदल झालाय असं त्याला एकदाही वाटलं नाही.

"मला सूट मिळायला हवी," त्याने समितीच्या अध्यक्षा कॅसिल्डाबाईंना सांगितलं. "मी अधिकारी आहे."

"अधिकारीच उंच राहिले, तर जनतेने खाली कोणाकडे बघून व्हायचं?" कॅसिल्डाबाई म्हणाल्या. असं वाक्य आपल्याला नोकरीत असताना का सुचलं नाही, याचीच त्याला हळहळ वाटली.

"ग्रांपो, मी चालत जाते की," मारिसेला म्हणाली. ग्रांपो म्हणजे तिचा आजोबा. "कोपऱ्यापासून चर्च दिसतं."

"आर्चुलेटांची पोर पंधराव्याला पायी जाणार? लोक काय म्हणतील?"

"मग राहू दे चर्च. पण दुसऱ्या कोणाच्या गाडीत मी बसणार नाही."

यामागे कारण होतं. तिचा बाप टेक्सासच्या तेलविहिरींवर गेला तो पैसे पाठवत राहिला, पण आला नाही. तेव्हापासून रोज सकाळी या पिकअपने तिला शाळेत सोडलं होतं. हिवाळ्यात हीटर चालत नसे, तेव्हा ग्रांपो आपली टोपी तिच्या पायांवर घालायचा. त्या टोपीचा वास तिला अजून आवडतो. एमेतेरियोला हे माहीत होतं, आणि म्हणूनच तो मेहुण्याच्या गॅरेजची पायरी चढला.

प्रोकोपियोने गाडीखालून डोकं बाहेर काढलं आणि या क्षणाचा पुरेपूर आस्वाद घेतला.

"या दाजी, या! काठी आणलीत का? की आज नुसतीच मान खाली?"

"गाडी खाली करायचीय."

"काय म्हणालात? कंप्रेसरचा आवाज फार होतो हो इथे."

"गाडी," एमेतेरियो ओरडला, "खाली करायचीय!" कंप्रेसर बंदच होता. रस्त्यापलीकडच्या न्हाव्याने वस्तरा थांबवून ऐकलं.

गाडी खाली करण्याचा संच दोन खोक्यांतून आला. प्रोकोपियोने पिकअप लोखंडी घोड्यांवर चढवली. पुढच्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा बसवल्या. मागे कमानी स्प्रिंगच्या पाट्यांच्या खाली असलेला ॲक्सल पाट्यांच्या वर घेतला, म्हणजे गाडीचा मागचा भाग मांडी घालून बसावा तसा बसला. ॲक्सल चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, आपटू नये म्हणून चासीला अर्धचंद्रासारखी खाच कापून वर पट्टी वेल्ड केली. एमेतेरियो पाने हातात देत होता आणि दर वेळी चुकीचा देत होता.

"झालं," प्रोकोपियो हात पुसत म्हणाला. "आता एक लक्षात ठेवा, दाजी. हिच्यात काही भरायचं नाही. जळण नाही, मिरचीची पोती नाहीत. भरलंत की टेकली."

"मग हिला पिकअप कशाला म्हणायचं?"

"वारसा म्हणा."

पुढचा टप्पा मोजणीचा होता. एमेतेरियो नगरपालिकेच्या खिडकीशी अर्जदार म्हणून उभा राहिला, अर्ज आत सरकवला, वळसा घालून आत गेला, कोट चढवला आणि अर्ज स्वीकारला. मग आवारात जाऊन स्वतःच्या पिकअपखालून काठी सरकवली. ती बोटभर मोकळी राहून आरपार गेली.

"नामंजूर," तो म्हणाला.

"अहो, तुमचीच गाडी ना!" प्रोकोपियोने कपाळाला हात लावला.

"म्हणूनच. आपल्या माणसाला सवलत दिली तर उद्या लोक बोट दाखवतील."

"तुमची आपली माणसं कशी जगली, देव जाणे. स्वतःला तरी पास करा!"

सवयीने त्याने दंडाची पावतीसुद्धा फाडली होती. ती घेण्यासाठी त्याला पुन्हा वळसा घालून खिडकीबाहेर जावं लागलं, आणि पावती हातात पडताच तो संतापला. या खात्यात माणुसकी म्हणून राहिली नाही, असं तो खिडकीतून आत बघून म्हणाला. आत कोणी नव्हतं.

प्रोकोपियोने पाट्यांतलं एक पान काढलं, स्प्रिंगांचं आणखी एक वेटोळं कमी केलं, आणि या खेपेला काठी अडली. एमेतेरियोने स्वतःचं अभिनंदन केलं, दोन्ही बाजूंनी.

रविवारी पिकअपच्या हौद्यात पांढरी चादर अंथरली होती. मधोमध खुर्चीवर फुगीर निळ्या झग्यातली मारिसेला, तिच्याभोवती तशाच झग्यातल्या मैत्रिणी, आणि पुढे एमेतेरियोशेजारी त्याची बायको एउफेलिया, मांडीवर तीन मजली केक घेऊन. पिकअप मुळात रिकामी असताना काठीला अडली होती. आता ती रस्त्याला जवळजवळ पुसत निघाली. प्लाझ्यावरच्या गर्दीने शिट्ट्या मारल्या. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी एमेतेरियोकडे बघून कौतुकाची शिट्टी मारत होतं. त्याने कोपर खिडकीबाहेर काढलं आणि टोपी डोळ्यांवर ओढली. इतकी वर्षं ज्यांना त्याने दंड केला त्यांना नेमकं काय वाटत असेल ते त्याला कळलं, आणि ते फार छान होतं.

तेवढ्यात चर्चसमोरचा गतिरोधक आला.

उंच गाडीतून तो एमेतेरियोला कधी जाणवला नव्हता. आता पुढची चाकं पलीकडे गेली, मग खालून करकर आवाज आला, आणि पिकअप पोटावर बसली. मागची चाकं जागच्या जागी फिरली. एउफेलियाने केक सावरला.

"मुली उतरवा, वजन कमी होईल!" प्रोकोपियो गर्दीतून ओरडला.

"उतरता येणार नाही," कॅसिल्डाबाई लगबगीने आल्या. "राखीव रस्त्यावर वाहनातून उतरून चालणं म्हणजे मिरवणूक. मिरवणुकीची परवानगी सोमवारी मिळते."

"मग मी जॅक लावतो."

"जॅक? वारसा-वाहनाची उंची वाढवणार तुम्ही? प्लाझ्यावर? सगळ्यांदेखत?"

दोन्ही नियम एमेतेरियोच्याच हातचे होते. कॅसिल्डाबाईंनी त्याच्याच सीटमागची काठी काढली आणि पिकअपखाली घालून पाहिली. काठी गेली नाही. त्यांनी हातातलं समितीचं पत्रक घालून पाहिलं, तेही गेलं नाही. त्या टाळ्या वाजवू लागल्या. लास तुनासच्या इतिहासात इतकं खाली कोणी गेलं नव्हतं. वर्षातल्या सर्वांत बुटक्या वाहनाचा चषक जागेवरच जाहीर झाला, आणि विजेतं वाहन आहे त्या स्थितीत जतन करावं, असा समितीचा नियम त्यांनी वाचून दाखवला.

चर्चची घंटा वाजू लागली. पाद्रीबाबा दारात उभे राहून घड्याळ बघत होते. टाळ्या चालू होत्या. एमेतेरियोच्या हातात चषक होता आणि मागच्या काचेतून नात त्याच्याकडे बघत होती. त्याला रडू यायला लागलं.

मारिसेलाने झगा गोळा केला आणि हौद्यातून उडी मारली. खाली पायांत कॅनव्हासचे बूट होते.

"चला ग्रांपो. समोर तर आहे."

"अगं, परवानगी नाही. दंड होईल."

"कोण करणार?" तिने विचारलं. "तुम्हीच ना?"

असा दंड ज्याने करायचा असतो तो माणूस गावात एकच होता, आणि तो तर इथे रडत बसला होता. त्याने चषक एउफेलियाच्या मांडीवर, केकशेजारी ठेवला, टोपी काढून नातीच्या डोक्यावर घातली आणि तिचा हात धरून चालत गेला. चर्चच्या दारात मारिसेलाने ती टोपी नाकाशी धरली, मग परत दिली. लोक काय म्हणाले ते त्याला ऐकूच आलं नाही.

मासनंतर सभागृहात जेवण होतं. प्लाझा चषकविजेत्या पिकअपने अडवल्यामुळे सगळ्या गाड्या आता सभागृहामागच्या अरुंद गल्लीतून वेगाने जात होत्या, आणि दारात खेळणारं एक मूल थोडक्यात वाचलं. पोसोलेच्या रांगेत कागद आणि पेन फिरू लागलं. एमेतेरियोच्या एका हातात वाडगा होता, दुसऱ्याने त्याने सही केली. मागून प्रोकोपियोने केली.

"कशावर केलीत, ग्रांपो?" मारिसेलाने विचारलं.

"कोण जाणे. सगळेच करत होते. वाचत बसलं तर रांग थांबते."

मी त्यांच्या मागेच होतो. पोसोले गरम होतं, मागचा ढकलत होता, मीही केली. तुम्ही हसा खुशाल. पण तुमच्या गल्लीच्या तोंडाशी जो गतिरोधक आहे, ज्याला रोज घरी येताना तुम्ही शिव्या घालता, त्याचा कागद फिरला तेव्हा तुमच्या हातात कसला वाडगा होता, तेवढं एकदा आठवून बघा.