एक सॉकेट, दोन डोमेन आणि श्यामकांतकाकांची अंघोळ

"तयार सर्व्हर बावळट माणसं घेतात!" गुरुदत्त पळशीकर छाती फुगवून म्हणाला. "मी जावामध्ये स्वतःचा लिहिणार. सॉकेट, म्हणजे दार, एकच; डोमेन, म्हणजे पत्ते, दोन! ब्राउझर येतानाच सांगतो, मला अमुक साइट हवी. नाव बघायचं, तिकडे धाडायचं. झालं!"

त्याची बायको अरुंधती हॅम्बर्गच्या एका मराठी मंडळाची चिटणीस. तिला दिवाळी पहाटेच्या नावनोंदणीसाठी साइट हवी होती. दुसरी साइट तळमजल्यावरच्या फ्राउ पेटर्सनची. त्यांचं कुत्र्यांना अंघोळ घालायचं सलून होतं, 'बाडेत्साइट', म्हणजे अंघोळीची वेळ!

गुरुदत्तने दोन्ही साइट तपासल्या. फक्कड! अरुंधतीने मंडळाच्या ग्रुपवर साइटचा पत्ता टाकला.

तीन दिवस झाले, एक नाव येईना. आणि हॉल ठरवलेला दोनशे माणसांचा!

"तुझा सर्व्हर बघ जरा."

"सर्व्हर ठणठणीत आहे गं. आपली माणसंच आळशी!"

शुक्रवारी दुपारी फ्राउ पेटर्सनचा फोन आला. "हेर पळशीकर, वुंडरबार! एक्केचाळीस टेर्मिन! एक्केचाळीस जणांनी वेळ घेतली! पण तुमच्या लोकांची कुत्री एवढी अवाढव्य कशी? पन्नास किलोच्या आत एकही नाही!"

गुरुदत्त अनवाणीच खाली धावला. यादीतली पहिलीच नोंद त्याने वाचली.

'नाव: श्यामकांत. मालक: ऊर्मिला. वजन: ब्याण्णव. केस गळतात का: गळून संपले. चावतो का: कवळी आहे.'

झालं होतं असं, की अरुंधतीने पत्त्याआधी तीन डब्ल्यू लावले होते. गुरुदत्तच्या प्रोग्रामला ते नाव अनोळखी! आणि अनोळखी पाहुणा थेट पहिल्या साइटवर, म्हणजे सलूनमध्ये. तिथे फोटो अजून चढवलेले नव्हते, फॉर्मवर 'कुत्रा' हा शब्दही नव्हता. दिवाळीच्या तोंडावर 'अंघोळीची वेळ' वाचून मंडळी समजायचं ते समजली. अभ्यंगस्नान!

तेवढ्यात बेल वाजली. दारात खांद्यावर पंचा टाकलेले श्यामकांतकाका, मागे उटण्याची वाटी घेतलेल्या ऊर्मिलाकाकू.

"गुरुदत्ता, तूही आलास? पाणी कढत आहे ना रे?"

"काका, ते जरा... चुकून..."

"अहो, त्याला काय विचारता! बाईंना विचारा," काकू म्हणाल्या.

फ्राउ पेटर्सननी काकांकडे पाहिलं, मग टबाकडे. टब साठ किलोपर्यंतच्याच कुत्र्यांसाठी. पण शब्द म्हणजे शब्द! "टेर्मिन इस्ट टेर्मिन," त्या म्हणाल्या. त्यांनी काकांना खुर्चीत बसवलं आणि दहाही नखं कापून, घासून आरशासारखी केली. काका डोळे मिटून संस्थानिकासारखे बसले होते.

गुरुदत्तने वर पळत जाऊन एक ओळ दुरुस्त केली. दोन दिवसांत हॉल भरला!

दिवाळी पहाटेला तो कौतुकाची वाट बघत मुद्दाम दारातच उभा राहिला. काका आले, दोन्ही हात पुढे धरून. "वीस वर्षं सभासद आहे, पण मंडळाने पहिल्यांदाच काहीतरी उपयोगाचं केलं!"

त्यांच्यामागे चाळीस जण रांगेत उभे. "गुरुदत्त, आमच्या नखांचा टेर्मिन कधी?"

सर्व्हरचं नाव मात्र कुणी काढलं नाही!