वरच्याला विचारून सांगतो

शलाका निंभोरकरला विद्यापीठाने मार्गदर्शक म्हणून एक माजी विद्यार्थी दिला. नियमाप्रमाणे त्याच्यासोबत त्याचा मार्गदर्शक आला, त्या मार्गदर्शकाचाही मार्गदर्शक आला, आणि असे एकूण सहा जण दर गुरुवारी सकाळी अकरा वाजता भूगर्भशास्त्र विभागाच्या व्हरांड्यात येऊन बसू लागले.

यात गैर काहीच नव्हते. माजी विद्यार्थी मार्गदर्शन कक्षाच्या पुस्तिकेत तिसऱ्याच पानावर छापले होते की विद्यार्थी स्थिरस्थावर होईपर्यंत त्याचे मार्गदर्शन चालू राहील, आणि आपण स्थिरस्थावर झालो हे विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचे. आजवर तसे कोणी लिहून दिले नव्हते, एवढेच. शलाकाचे मार्गदर्शक संकेत ढोके २०१४ च्या तुकडीचे. चंद्रपूरकडे सिमेंटच्या कारखान्यात चांगल्या जागेवर होते, घरी बायको होती, जुळ्या मुली होत्या. पण तो कागद समोर आला की त्यांचा हात अडायचा. त्यांच्या मार्गदर्शक गावंडे मॅडम २००३ च्या. त्यांच्या नावाची पाटी दारावर होती आणि दाराबाहेर शिपाई होता, तरी त्यांनाही लिहवत नव्हते. त्यांच्या वरच्यांचे तेच, आणि त्यांच्याही वरच्यांचे तेच.

सगळ्यात वर काठोळे सर. १९६२ ची, म्हणजे विभागाची पहिली तुकडी. वय चौऱ्याऐंशी. ते परतवाड्याहून बसने येत, आणि सोबत त्यांच्या पत्नी गिरिजाबाई असत. गिरिजाबाई विद्यापीठाच्या कोणी लागत नव्हत्या, त्यामुळे त्या जरा बाजूला, नोटीस बोर्डाखालच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसत.

शलाकाचा प्रश्न चार ओळींचा होता. भुजच्या एका संस्थेने तिला भूजल सर्वेक्षणाची नोकरी देऊ केली होती. इकडे विभागातल्या सरांनी पीएचडीसाठी थांब म्हणून सांगितले होते. जाऊ की राहू? खरे तर तिचा जीव भुजमध्ये अडकला होता. कोरड्या जमिनीखाली पाणी कुठे आहे हे शोधायचे, यापलीकडे तिला दुसरे काही सुचत नव्हते. पण मार्गदर्शकाचा लेखी सल्ला जोडल्याशिवाय विभाग दाखला देत नसे, आणि दाखल्याशिवाय भुजवाले रुजू करून घेणार नव्हते.

पहिल्या गुरुवारी ढोक्यांनी प्रश्न नीट वाचला, मान डोलावली आणि म्हणाले, वरच्याला विचारून सांगतो. त्यांच्या मार्गदर्शकाच्या मान्यतेशिवाय त्यांना सल्ला देता येत नव्हता. दुसऱ्या गुरुवारी गावंडे मॅडमनी तो वाचला आणि त्याही तेच म्हणाल्या. पायरी सोडून वर जाण्याची सोय नव्हती. प्रश्न एका आठवड्यात एक खुर्ची पुढे सरकायचा, आणि शलाका व्हरांड्याच्या खांबाला टेकून त्याचा प्रवास बघायची. भुजवाल्यांनी मुदत दिली होती ती सहाव्या गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंतची.

सहाव्या गुरुवारी प्रश्न काठोळे सरांच्या हातात पडला. त्यांनी चष्मा पुसला, प्रश्न दोनदा वाचला, आणि कागद हळूच मांडीवर ठेवला.

“पोरी, मला वरचा कोणी नाही नं,” ते म्हणाले.

मग सगळा उलगडा झाला. काठोळे सर पहिल्याच तुकडीचे. त्यांच्या वेळी माजी विद्यार्थी म्हणून कोणी जन्मालाच आला नव्हता. त्यांनी रीतसर अर्ज केला होता. माजी विद्यार्थी उपलब्ध होताच मार्गदर्शक देण्यात येईल, असे उत्तरही आले होते, ते त्यांच्या पाकिटात होते. त्यांचा प्रश्नही शलाकाच्या प्रश्नासारखाच होता. आसामातल्या एका तेलखाणीने त्यांना बोलावले होते, आणि इकडे परतवाड्याचे कॉलेज या म्हणत होते. सल्ला मिळेपर्यंत तात्पुरती व्यवस्था म्हणून ते कॉलेजात लागले. छत्तीस वर्षे तिथे तात्पुरते शिकवून निवृत्त झाले. लग्नही त्यांनी तात्पुरती व्यवस्था म्हणूनच केले होते, आणि त्यात त्यांना तीन मुले झाली. खाणवाले सज्जन. त्यांनी कळवले होते की आपले उत्तर येईपर्यंत जागा राखून ठेवण्यात येत आहे.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! बासष्ट वर्षांत या ओळीत कोणालाच कसलेही उत्तर मिळाले नव्हते. ढोके दहा वर्षे तात्पुरते सिमेंट करत होते, गावंडे मॅडम एकवीस वर्षे तात्पुरत्या साहेब होत्या. हे ऐकताना शलाकाला खांबापाशी उभी असलेली सातवी व्यक्ती दिसली, आणि ती व्यक्ती शलाकाच होती.

ती तडक कक्षाच्या इंगळे बाबूंकडे गेली आणि काठोळे सरांना आधी मार्गदर्शक द्या म्हणाली. इंगळे बाबू नियमाचे पक्के, पण मनाने वाईट नव्हते. त्यांनी पुस्तिका उलटसुलट वाचली. मार्गदर्शक माजी विद्यार्थी असावा एवढेच तिच्यात होते, वयाने मोठा असावा असे कुठेही नव्हते. मात्र एकाने एकालाच मार्गदर्शन करायचे होते, म्हणजे व्हरांड्यातले सगळे आधीच गुंतलेले.

“रिकामा माजी विद्यार्थी पाहिजे,” इंगळे बाबू म्हणाले. “तुमचा निकाल कधी लागून राहिला?”

निकाल तीन वाजता लागला. शलाका प्रथम श्रेणीत पास झाली आणि तीन वाजून पाच मिनिटांनी काठोळे सरांची मार्गदर्शक म्हणून तिची नेमणूक झाली. आता तिच्या सल्ल्याला ढोक्यांची मान्यता लागणार, ढोक्यांच्या सल्ल्याला गावंडे मॅडमची, आणि फिरत फिरत काठोळे सरांच्या सल्ल्याला पुन्हा तिचीच. म्हणजे घोडे परत तिथेच अडणार. यावर इंगळे बाबूंनी तोड काढली. सातही जणांनी एकाच क्षणी सही केली तर कोणी आधी नाही आणि कोणी नंतर नाही. त्यांनी सात कागद आणि सात पेने वाटली. फक्त सल्ला काय, ते आता वरून, म्हणजे शलाकाकडून यायचे होते.

सगळे तिच्याकडे बघू लागले. ती ‘जा’ म्हणाली तर ‘जा’ खाली उतरत ढोक्यांपर्यंत येणार आणि ढोके तिला ‘जा’ म्हणणार. ‘राहा’ म्हणाली तर ‘राहा’. तिने काठोळे सरांना विचारले की तुम्हाला काय वाटते. ते गोंधळले. मला काय वाटते हा रकाना नाही, असे त्यांनी सौम्यपणे लक्षात आणून दिले. तिने एकवार बाकाकडे बघितले. गिरिजाबाई डब्याचे झाकण घट्ट करत होत्या. साडेचार वाजले होते.

“जा,” शलाका म्हणाली. म्हणताना तिला स्वतःची लाज वाटली, पण ती म्हणाली.

इंगळे बाबूंनी एक, दोन, तीन म्हटले आणि सात सह्या झाल्या. गावंडे मॅडमनी स्वतःचा कागद लांब धरून वाचला आणि एकवीस वर्षांपूर्वी जिथून बोलावणे आले होते त्या डेहराडूनला थंडी कितपत असते ते विचारले. ढोक्यांनी शलाकाला तिचा सल्ला दिला, स्वतःचा दोन घड्या घालून वरच्या खिशात ठेवला आणि मग बराच वेळ खिशावरून हात काढला नाही. शलाकाने सल्ला जोडून विभागाचा दाखला घेतला आणि पाचला सात मिनिटे असताना भुजला ‘येते’ म्हणून कळवले.

काठोळे सर मात्र उभेच होते.

“हे हिला कसं सांगू?” त्यांनी आपल्या मार्गदर्शकाला विचारले.

“मी ऐकलं,” गिरिजाबाई बाकावरून म्हणाल्या. “बॅग भरूनच आहे तुमची. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी भरली होती. तिकडे थंडी असते म्हणून दर दिवाळीला स्वेटर तेवढा बदलते.”

शलाकाचे डोळे भरून आले. तिने इंगळे बाबूंना सल्ला मागे घेता येतो का म्हणून विचारले, पण सही-शिक्का झाला होता, येत नव्हता. काठोळे सर बायकोकडे बघत होते. एकोणसाठ वर्षांच्या तात्पुरत्या संसारात त्यांनी तिच्याकडे इतके रोखून कधी पाहिले नसावे.

“गिरिजा,” ते म्हणाले, “तू येशील का?”

इंगळे बाबूंनी पेन उघडले, हे कुठल्या रकान्यात येते ते शोधले आणि पेन पुन्हा बंद केले. हा सल्ला नव्हता. याला कोणाची मान्यता घेतलेली नव्हती. हा प्रश्न माजी विद्यार्थ्याने कक्षाबाहेरच्या व्यक्तीला परस्पर विचारला होता.

गिरिजाबाईंनी पदर सावरला. इतक्या वर्षांत त्यांना कोणी काही विचारलेच नव्हते, त्यामुळे घाईघाईने उत्तर देऊन टाकावे असे त्यांना वाटले नाही.

“मी विचार करून सांगते,” त्या म्हणाल्या, आणि डबा बाजूला ठेवून नीट मांडी घालून बसल्या.

ते रास्तच होते. काठोळे सर परत खुर्चीत बसले. गावंडे मॅडम बसल्या, ढोके बसले, सगळेच बसले. इंगळे बाबूंनी कक्षाला कुलूप लावले आणि किल्ली हातात घेऊन तेही एका बाजूला टेकले. शलाकाची गाडी साडेआठची होती. साडेसातला ती सर्वांच्या पाया पडून निघाली, तेव्हा गिरिजाबाई अजून विचार करत होत्या, आणि त्यांना कोणी घाई करत नव्हते.